आधी त्याच्या डोक्यातला चंद्र विचारा

प्रश्न : आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेले काही महिने त्याचं सगळं लक्ष आकाशात आहे. चंद्र आपल्या रिक्षामागे का येतो? अंतराळवीर तरंगतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नसतं का? सूर्य विझला तर आपलं काय होईल? विश्व संपतं तिथे भिंत आहे का? मी कॉमर्सची. मोबाईलवर शोधून वाचून दाखवते, तर हा अर्ध्यातच उठून जातो. गेल्या वर्षी माझे सासरे 72व्या वर्षी गेले. तेव्हा आम्ही त्याला 'आजोबा तारा झाले' असं सांगितलं होतं. आता रोज विचारतो, कोणता? आम्ही ठाण्यात राहतो, इथे धड चार तारे दिसत नाहीत. काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, तुम्ही कॉमर्सच्या आहात ही अडचण नाहीच. मी विज्ञानाचा मास्तर. 29 वर्षं जुन्नर तालुक्यात शिकवलं, हिवाळ्यात माळावर घोंगड्या टाकून पोरांना आकाश दाखवलं, आणि त्यातली पहिली दहा वर्षं तरी माझी बरीचशी उत्तरं वाया गेली. माहिती बरोबर असायची, पण पोराने विचारलेलं असायचं एक आणि मी सांगत बसायचो दुसरंच.

तुमचा मुलगा अर्ध्यात उठतो, कारण त्याच्या डोक्यात आधीच एक चित्र तयार आहे आणि तुम्ही वाचता त्यात ते कुठेच सापडत नाही. म्हणून माझा एकच हट्ट आहे. उत्तर द्यायच्या आधी विचारा, 'तुला काय वाटतं?' आणि मग गप्प बसा. गप्प बसणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम. मास्तर लोकांना तर फारच.

चंद्राचंच घ्या. तिसरीतल्या एका पोराने मला हाच प्रश्न विचारला होता. मी लगेच लांबचं-जवळचं सुरू करणार होतो, पण तोवर थोडा शहाणा झालो होतो. विचारलं, 'तुला काय वाटतं?' तो म्हणाला, 'चंद्र येत नाय गुर्जी. परत्येक गावाला येगळा चंद्र हाय. नारायणगावला तिथला, खोडदला तिथला.' वर पुरावाही दिला. त्याची आई संकष्टी करायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ गावागणिक वेगळी छापलेली असते. चंद्र एकच असता तर वेळा वेगळ्या कशाला?

काय बिनतोड मुद्दा आहे बघा! याला मी 'चंद्र 3,84,000 किलोमीटर लांब आहे' असं सांगून काय उपयोग होता? त्याच्या चित्रात चंद्र किती लांब हा प्रश्नच नव्हता, चंद्र किती हा होता. मग आम्ही एक मोसंबं घेतलं, त्यावर दोन टाचण्या टोचल्या, एक मुंबई आणि एक नागपूर. टेबलाच्या टोकाला विजेरी ठेवली, तो चंद्र. मोसंबं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवलं की नागपूरची टाचणी आधी उजेडात येते, मुंबईची मागून. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून तिथल्या बायकांचा उपास वीस-पंचवीस मिनिटं आधी सुटतो. चंद्र तोच. पोरगा मोसंबं हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसला. नंतर म्हणाला, 'मग माझ्यामागं का येतो?' आता तो माझ्या उत्तराला तयार होता.

ते उत्तर तुम्ही रिक्षात बसूनच द्या, घरी नको. रस्त्यालगतचा विजेचा खांब दाखवा, सर्रकन मागे जातो. जरा लांबची इमारत हळूहळू मागे सरकते. मोकळ्या रस्त्याला लागलात की येऊरचे डोंगर बराच वेळ बरोबर राहतात. आमच्याकडे एसटीतून जाताना शिवनेरी असाच कितीतरी वेळ खिडकीत असतो. वस्तू जितकी लांब, तितकी ती मागे पडायला उशीर. आता चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा मागे सरकलेला दिसायचा असेल, तर सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जावं लागेल. कन्याकुमारीपासून काश्मीरच्या टोकापर्यंत गेलं तरी कमीच पडतं. ठाण्यातल्या ठाण्यात रिक्षाने तो काय मागे पडणार! हा खांब-इमारत-डोंगर-चंद्र क्रम मुलालाच सांगू द्या. चंद्राचं नाव तुम्ही घ्यायच्या आधी तो घेईल.

तरंगणारी माणसं

शुभांशु शुक्ला 2025 च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी येतोय. राकेश शर्मा 1984 मध्ये गेले होते तेव्हा आमच्या पिढीने तो विचारला होता, आणि 'वर गुरुत्वाकर्षण नसतं' हे उत्तर मिळालं होतं. चूक आहे ते. पण चूक का, हे सांगून कळत नाही, मांडून कळतं.

घरात फुटबॉल असेल तर घ्या. ती पृथ्वी. टेनिसचा चेंडू हा चंद्र, मापं जवळजवळ जुळतात. मुलाला सांगा, चंद्र कुठे ठेवायचा तो ठेव. बहुतेक मुलं हातभर अंतरावर ठेवतात, मोठी माणसंही तिथेच ठेवतात. खरी जागा साडेसहा मीटरवर आहे. हॉल ओलांडून, दारातून बाहेर, शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडपाशी. हे एकदा पावलांनी मोजलं की चित्रातला चंद्र आणि खरा चंद्र यातली दरी कायमची दिसते.

मग विचारा, अंतराळ स्थानक कुठे धरशील? तो दोघांच्या मध्ये कुठेतरी हात नेईल. स्थानक जमिनीपासून 400 किलोमीटर वर आहे. या फुटबॉलवर ते अंतर होतं सात मिलिमीटर. करंगळी चेंडूला आडवी टेकवली तर तिच्या जाडीतच स्थानक आलं. इतक्या जवळ पृथ्वीची ओढ संपेल कशी? साडेसहा मीटरवरच्या चंद्राला जी धरून ठेवते, ती सात मिलिमीटरवर सोडेल? हा प्रश्न तुम्ही विचारू नका, थांबा. माझ्या अनुभवात दहातली सहा-सात मुलं तो आपणहून विचारतात. स्थानकावर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते.

मग तरंगतात कसे? पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा, बोटाने दाबून भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता ती बाटली उंचावरून खाली सोडा, स्टुलावर उभं राहून सोडली तरी चालेल. पडत असेपर्यंत धार बंद! पाणी आणि बाटली दोन्ही सारख्याच वेगाने पडताहेत, मग पाण्याने बाटलीतून बाहेर पडायचं कारणच उरत नाही. मोबाईलवर संथ गतीने चित्रीकरण केलंत तर ते थांबलेलं पाणी फार छान दिसतं. फरशी पुसायची तयारी ठेवा, मुलं एकदा करून थांबत नाहीत.

अंतराळवीर म्हणजे त्या बाटलीतलं पाणी. स्थानक सतत पडतंय, आणि आतली माणसंही बरोबर पडताहेत. जमिनीवर आदळत नाही, कारण ते ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने आडवंही पळतंय. जेवढं खाली येतं, तेवढी खालची गोल जमीन वळून दूर जाते. दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा. 'पडत राहणं' हा शब्द आठ वर्षांच्या मुलाला पुरतो, त्यापुढचं गणित दहावीनंतर येऊ दे.

चेंडू काढलेच आहेत तर सूर्यही सांगून टाका. फुटबॉल ठाणे स्टेशनवर ठेवला तर सूर्य मुलुंड स्टेशनच्या थोडा पुढे, सात-आठ मजली इमारतीएवढा. आणि त्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? या मापाने तो खऱ्याखुऱ्या चंद्राच्याही पलीकडे जातो, जवळजवळ दुप्पट अंतरावर. मी स्वतः हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलं असेल म्हणून तीनदा तपासलं होतं.

एक गंमत उलट दिशेचीही. अंतराळ सुरू कुठे होतं? साधारण 100 किलोमीटरवर धरतात. पुण्याहून सातारा जेवढा, जवळपास तेवढंच. गाडी सरळ वर चालवता आली असती तर सकाळी निघून चहाच्या वेळेला पोहोचलो असतो.

उपमा जपून

मघाशी मी पहिली दहा वर्षं म्हटलं, त्यातली एक चूक सांगतो. खोडदला आमच्या शिवारातच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली असते आणि तिथे शाळांची प्रदर्शनंही भरतात. मी वर्ग घेऊन गेलो. एका पोरीने ती अजस्र जाळीदार तबकडी बघून विचारलं, 'डोळा कुठं लावायचा?'

इतका सुंदर प्रश्न, आणि मी झटकन बोलून गेलो, 'ही डोळ्याची दुर्बीण नाही, हा कान आहे.' पोरं खूश. परत येताना तीच पोरगी विचारते, 'मग तारे काय बोलतात?' आता काय सांगणार? रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे. तो एक प्रकारचा प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. घरचा रेडिओ त्या लहरींपासून आवाज बनवतो, म्हणून आपली गल्लत होते. मी दिलेला 'कान' काढून टाकायला मला पुढचे दोन आठवडे लागले, आणि काहींच्या डोक्यातून तो गेला असेल याची आजही खात्री नाही.

आता तो प्रश्न आला की मी टीव्हीचा रिमोट काढतो. रिमोटचं तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र जांभळट दिवा लुकलुकतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून दिसत नाही, तेव्हा पुढचा वापरा. म्हणजे न दिसणारा प्रकाश असतो, आणि तो बघणारं यंत्र असतं. खोडदची तबकडी तसंच एक यंत्र, रिमोटच्या प्रकाशापेक्षा कितीतरी लांब लहरींचं. तिथे गेल्यावर मोबाईल बंद का ठेवायला लावतात हेही मग सांगावं लागत नाही. अंधाऱ्या माळावर आपण तारे बघतोय आणि कुणीतरी डोळ्यांवर बॅटरी मारली तर कसं वाटेल, तसं त्या दुर्बिणीला वाटतं. (बघा, पुन्हा उपमाच दिली. पण ही अजून तरी उलटलेली नाही.)

कृष्णविवराचंही तेच. 'सगळं गिळणारा राक्षस' म्हटलं की मुलं थरारतात आणि रात्री झोपत नाहीत. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर अंधार आणि गारठा होईल खरा, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. ओढून घेतली जाणार नाही. आणि पृथ्वीचं कृष्णविवर करायचं झालं तर तिला दाबून दाबून खेळायच्या गोटीएवढं करावं लागेल. मुलाच्या हातात गोटी द्या, बास. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

सूर्य विझला तर

हा प्रश्न माहितीचा नाही, भीतीचा आहे. इथे 'तुला काय वाटतं' ऐवजी 'कुठे ऐकलंस' असं विचारा. बहुतेक वेळा कुठल्यातरी व्हिडिओचा मथळा निघतो.

सूर्याकडे अजून सुमारे 500 कोटी वर्षांचं इंधन आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला 500 कोटी आणि 500 यात फरक काय? शब्द नको, तांदूळ काढा. एक दाणा म्हणजे एक वर्ष. त्याच्या तळहातावर आठ दाणे ठेवा, हे त्याचं वय. तुमच्या तळहातावर तुमच्या वयाचे. शिवाजी महाराजांना होऊन किती? 1630 ला जन्म, म्हणजे चारशेच्या आत-बाहेर, एक छोटा चमचा. हे दाणे त्याला खरोखर मोजू द्या, कंटाळेल तोवर. किलोभर तांदळात पन्नास हजार दाणे धरले, तर 500 कोटी दाण्यांचे होतात 100 टन. दहा टनी दहा ट्रक, एकामागे एक उभे. आणि हातावर आठ दाणे. पोरं हसायला लागतात. हसली की भीती गेली.

खरं सांगायचं तर सूर्य हळूहळू तापत जाणार आहे आणि पृथ्वीवरच्या जिवांना त्याचा त्रास विझण्याच्या कितीतरी आधी सुरू होईल. तोही हिशेब कोटी-कोटी वर्षांचाच. मुलाने विचारलं तर सांगा, आपणहून काढू नका. खोटं सांगायचं नाही याचा अर्थ सगळं आजच सांगायचं असा होत नाही.

भिंत आहे का

इथे तुम्हाला 'माहीत नाही' म्हणता येईल, आणि ते बिनधास्त म्हणा. मात्र 'मला माहीत नाही' आणि 'कुणालाच अजून माहीत नाही' हे दोन वेगळे आहेत, आणि कोणतं कधी म्हणतोय ते मुलाला कळू द्या. पहिलं म्हटलं की दोघांनी मिळून शोधायचं. दुसरं म्हटलं की मुलाचे डोळे चमकतात, कारण मोठ्या माणसांनाही न सुटलेलं काहीतरी त्याच्या हाती लागतं.

आमच्याकडे पावसाळ्यात माळशेज घाटात धुकं उतरतं. गाडी थांबवून उभं राहिलं तर चहूकडे पन्नास पावलांवर पांढरी भिंत दिसते. चार पावलं पुढे जा, ती चार पावलं पुढे सरकते. ती घाटाची कड नाही, आपल्या दिसण्याची कड आहे. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचायला एवढाच वेळ मिळालाय, त्यामुळे आपल्याला एका मर्यादेपर्यंतचंच दिसतं. त्या पलीकडे विश्व आहे यावर शास्त्रज्ञांचं साधारण एकमत, ते कुठे संपतं की संपतच नाही हे मात्र कुणालाच माहीत नाही. ज्यांनी घाटातलं धुकं बघितलंय त्या पोरांना हे एका मिनिटात कळतं. तुमच्या मुलाला यंदा पावसाळ्यात घेऊन जा, आणि तिथे उभं राहूनच सांगा.

विश्व प्रसरण पावतंय म्हणजे काय, असं पुढे विचारेलच. त्यासाठी शिवणाच्या डब्यातलं हातभर इलास्टिक. पेनाने दर बोटभर अंतरावर ठिपके द्या, प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. ताणा. कोणत्याही ठिपक्यावर बोट ठेवा, बाकीचे सगळे त्याच्यापासून लांब जातात, आणि जो जास्त लांब तो जास्त वेगाने जातो. म्हणून मधोमध कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येकाला आपणच मध्ये आहोत असं वाटतं. 'मग तुटणार कधी?' असं एकाने विचारलं होतं. इलास्टिक तुटतं, अवकाशाला तसला काही ताण नसतो, इथे उपमा संपली असं मी सरळ सांगितलं. उपमा कुठे संपते हे सांगितलेलं मुलांना आवडतं. खेळाचा नियम कळल्यासारखं.

आजोबा कोणता तारा

हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, मला वाटतं खरा तोच होता.

एकदा माळावर एका मुलीने दुर्बिणीपाशी येऊन हळूच विचारलं होतं, 'माझी आजी दाखवा ना.' मी तिला तारे म्हणजे तप्त वायूचे गोळे कसे असतात ते समजावून सांगितलं. अगदी प्रेमाने, पण सांगितलं तेच. ती 'बरं' म्हणाली आणि दुसऱ्या रात्री आली नाही. तिने तारा कशाचा असतो हे विचारलेलंच नव्हतं.

लहान मूल 'तारा झाले' हे ऐकून घेतं, पुढे विचारत नाही. आठव्या वर्षी रोज 'कोणता' म्हणून विचारतोय, म्हणजे तो तपासून बघतोय की हे खरं आहे का. आज एखादा तारा बोटाने दाखवलात तर दोन वर्षांनी त्याच ताऱ्याबद्दल पुस्तकात वाचेल आणि तुम्ही आणखी काय काय खोटं सांगितलं असेल याचा हिशेब करत बसेल. माझं मत विचाराल तर त्याला सांगून टाका. 'आजोबा गेले तेव्हा तुला कसं सांगावं हे आम्हाला कळलं नाही, म्हणून तसं म्हणालो. माणूस तारा होत नाही.' त्याला रडू आलं तर येऊ दे. तो विचारतोय ते आजोबांबद्दल बोलायला मिळावं म्हणून, आणि घरात बहुधा तो विषय सगळेच टाळत असतील.

लगेच नाही, पण काही दिवसांनी त्याला हे सांगा. आपल्या रक्तातलं लोह आणि हाडांतलं कॅल्शियम कधीकाळी ताऱ्यांच्या पोटात तयार झालंय आणि ते तारे संपले तेव्हा बाहेर पडलंय. आजोबांच्या अंगात ते होतं, त्याच्याही आहे. एवढं शब्दशः खरं आहे.

आणि हिवाळा आला की एक गोष्ट दाखवा. प्रकाशाला यायला वेळ लागतो. चंद्रावरून सव्वा सेकंद, सूर्यापासून आठ मिनिटं वीस सेकंद, ताऱ्यांवरून वर्षंच्या वर्षं. म्हणून प्रत्येकाला आपल्या वयाचा तारा शोधता येतो, ज्याचा आज दिसणारा उजेड आपण जन्मलो त्या सुमारास तिकडून निघाला होता. मी वर्गात हा उद्योग दरवर्षी करायचो. अकरा-साडेअकरा वर्षांच्यांना प्रश्वा, सोळा-सतरावाल्यांना श्रवण, पंचविशीतल्या नव्या मॅडमना अभिजित, सदतिशीतल्या शिपाईमामांना स्वाती. आमचे मुख्याध्यापक मधल्याच वयाचे निघाले, त्यांना तारा मिळेना, ते दोन दिवस खट्टू होते.

साडेआठ वर्षांना तारा आहे व्याध, आणि तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी. ठाण्याच्या दिव्यांतूनही दिसतो. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री साडेआठ-नऊला बघा. मृग नक्षत्रातले ओळीत असलेले तीन तारे आधी शोधा, शहरातही ते बहुतेक ओळखू येतात. आपल्याकडे त्यांना व्याधाने मृगाला मारलेला बाण म्हणतात. त्या तिघांची रेघ खालच्या बाजूला वाढवत गेलात की व्याध लागतो. त्याचा उजेड साधारण 8.6 वर्षांपूर्वी निघालेला.

आता तीच रेघ उलट, वरच्या बाजूला वाढवा. एक नारिंगी तारा लागेल, रोहिणी. तिचा उजेड यायला सुमारे 65 वर्षं लागतात. तुमचे सासरे गेल्या वर्षी 72व्या वर्षी गेले. आज असते तर 73 चे असते. रोहिणीचा जो उजेड तुमच्या मुलाच्या डोळ्यांत शिरेल, तो तिथून निघाला तेव्हा आजोबा आठ वर्षांचे होते. त्या वयात ते कुठे राहत होते, कोणत्या शाळेत जात होते, त्यांच्या घरात दिवे होते की कंदील, हे तुमच्या यजमानांना किंवा सासूबाईंना विचारून ठेवा. तिथे उभं राहून सांगायला लागेल.

दुर्बीण विकत घेऊ नका. बाजारातली खेळण्यातली दुर्बीण हलते फार आणि दिसतं कमी. नंतर हौस टिकली तर 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या, तिच्यातून हात टेकवून धरलं तर गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. वरळीच्या नेहरू तारांगणात मात्र त्याला एकदा न्याच. आणि सूर्याकडे द्विनेत्रीतून काय, नुसत्या डोळ्यांनीही बघायचं नाही, हे पहिल्या दिवशी दटावून सांगा.

गच्चीवर गेल्यावर मोबाईल खिशात ठेवून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. टाकीच्या मागे, हॅलोजनच्या आडोशाला जागा बघा. गच्चीला कुलूप असतं, तेव्हा किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून दुपारीच मागून घ्या. रात्री नऊला मागितली तर देत नाहीत.